वस्तरा हातात घेताना

गेल्या वर्षीच्या आषाढ पौर्णिमेची गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात वर्षावासाच्या निमित्ताने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन त्या संध्याकाळी सुरू व्हायचे होते. दरवर्षी पहिल्या रांगेतील भिंतीकडेची खुर्ची आमच्या दादांची असते. दादा म्हणजे माझे वडील. पांढरा सदरा घालून ते पाच वाजल्यापासून तयार असतात आणि मलाच घाई करतात. त्या दिवशी मात्र ते खाटेवरून उठले नाहीत. "तुम्ही जावा. मी न्हाई येत," एवढेच म्हणाले.

मला वाटले, गुडघे दुखत असतील. कार्यक्रम आटोपून रात्री परत आलो तेव्हा पत्नीने विचारले, "दादांच्या तोंडाकडं नीट बघितलंत का?" मी पाहिले नव्हते. सकाळी पाहिले. नऊ-दहा दिवसांची पांढरी दाढी वाढलेली होती. ज्या माणसाला मी जन्मात कधी दोन दिवसांच्या दाढीने पाहिले नाही, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आणि त्याच घरात रोज जेवणाऱ्या मला ते पत्नीने सांगितल्यावर कळले.

दादांचे वय आज ७८ आहे. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून ते निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात जडला. आधी उजव्या हाताची बोटे, मग सगळा हात थरथरू लागला. तरीही रोज सकाळी ते आरशापुढे बसत. डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरत आणि वस्तऱ्याने दाढी करत. होय, वस्तऱ्यानेच. जुना, घडीचा, पोलादी पात्याचा वस्तरा. त्या महिन्यात एकदा कानाखाली मोठी चीर पडली. सदऱ्याची कॉलर रक्ताने भिजली. दादांनी वस्तरा पुसला, डबीत ठेवला आणि पुन्हा काढला नाही.

मी माझ्या परीने उपाय केले. विजेवर चालणारे दाढीचे मशीन आणले. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते. ती त्या मशीनमध्ये ओढली जाई. दोनदा त्यांनी सहन केले, तिसऱ्यांदा माझा हात बाजूला सारला. मग मी म्हणालो, "दादा, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये नेतो. दहा मिनिटांचं काम आहे." त्यावर ते जे बोलले ते मी विसरणार नाही. "त्याच्या म्होरं हनवटी वर करून बसायचं व्हतं, तवा त्यानं बसू दिलं न्हाई. आता कशाला बसू?"

सलूनवाला तो नव्हे, हे दादांनाही ठाऊक आहे. पण १९५७ सालची जखम माणूस बघून दुखत नाही.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महार रेजिमेंटमध्ये होते. ही रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली. पलटणीत रोज गुळगुळीत दाढी लागे. तिथून ते दोन वस्तू घेऊन घरी आले. एक जाड कांबळे आणि दुसरा हा वस्तरा. पात्याच्या मुळाशी इंग्लंडमधल्या शेफील्ड गावाचे नाव कोरलेले आहे, अजून वाचता येते.

१९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्या वस्तीनेही धम्म स्वीकारला. मेलेली जनावरे ओढणे, येसकरकी, सगळे बंद केले. गावाने उट्टे काढायला सुरुवात केली. दादा तेव्हा दहा वर्षांचे. शाळेत कसलासा समारंभ होता. गुरुजींनी सांगितले, केस कापून या. दादा दोन आणे घेऊन पिंपळाच्या पारावर गेले. न्हावी शिवी देऊन हाकलणारा नव्हता. तो हळूच म्हणाला, "पोरा, तुझं डोकं केलं तर उद्या माझ्याकडं कोण बसंल?" दादांना ते नीट कळले नाही. ते दुपारपर्यंत तिथेच बसून राहिले. रात्री कंदिलाच्या उजेडात आजोबांनी त्यांचे केस कापले. तेव्हापासून वस्तीतल्या सगळ्या पुरुषांची दाढी-हजामत आजोबा करू लागले. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा १९५५ चा कायदा तेव्हा झालेला होता. पण तो आमच्या पारापर्यंत आलेला नव्हता.

बाबासाहेबांच्या लहानपणी साताऱ्यात हेच होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत त्यांनी सांगितले आहे की भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापत असे. गावात न्हावी नव्हते असे नाही, पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. हा प्रसंग मी जयंतीच्या भाषणांत कितीदा सांगितला असेल! टाळ्याही मिळाल्या आहेत. आणि ज्या वस्तऱ्याने माझ्या घरात हा इतिहास सत्तर वर्षे सांभाळला, तो मी एकदाही हातात धरलेला नव्हता. मी पाकिटातल्या तीन पात्यांच्या रेझरने, न बघता, रेडिओ ऐकत दाढी उरकणारा माणूस.

त्याच पंधरवड्यात विहारात वाचनाची पाळी माझ्यावर आली. प्रकरण होते उपालीचे. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी तथागतांकडे गेले तेव्हा त्यांनीच विनंती केली की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान गळून पडेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण याच उपालींनी केले. वाचता वाचता माझी नजर भिंतीकडेच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी सलूनमध्ये शिरलो आणि मालकांना म्हणालो, "मामा, मला वस्तऱ्याने दाढी करायला शिकवा."

मामांना आम्ही सगळेच मामा म्हणतो. तीस वर्षे त्यांचे सलून त्या कोपऱ्यावर आहे. त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. वडिलांचे कारण सांगितल्यावर म्हणाले, "भाऊ, मी घरी येऊन करतो की." ते करून घेणार नाहीत, असे मी सांगितले. का, ते तेव्हा सांगितले नाही. मामांनीही विचारले नाही.

पहिला धडा फुग्यावर झाला. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस उतरवायचा. माझे चार फुगे फुटले. प्रत्येक वेळी खुर्चीतले गिऱ्हाईक दचके आणि मामा हसत. पाचवा टिकला. मामा म्हणाले, "फुगा दाबल्यानं फुटतो आणि पातं आडवं सरकलं की फुटतो. कातडीचंबी तसंच."

मला त्यांनी जुना वस्तरा दिला नाही. आजकाल सलूनमध्ये असतो तो उस्तरा घ्यायला लावला. त्यात नेहमीचे दुधारी पाते मधोमध मोडून अर्धे बसवतात आणि दर माणसामागे बदलतात. एकाचा वस्तरा दुसऱ्याला वापरला तर न दिसणाऱ्या जखमेतून रक्ताचा संपर्क होऊ शकतो. कावीळ ब आणि क तसेच एचआयव्ही यांचा धोका असतो. वाचकांनी सलूनमध्ये नवे पाते आपल्यासमोर घालायला सांगावे, त्यात संकोच करू नये. आजोबा एकाच वस्तऱ्याने सगळ्या वस्तीची दाढी करत, ते त्या काळचे अज्ञान होते. त्याचा गौरव करायचे कारण नाही. म्हणून घरात पहिल्या दिवसापासून नियम केला. उस्तरा माझा, वस्तरा दादांचा. अदलाबदल नाही.

मी बीकॉमचा माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. उस्तऱ्याची मूठ दीडशे रुपयांची, एकदाच घ्यायची. दुधारी पाते दोन-तीन रुपयांना मिळते आणि त्यात दोन दाढ्या होतात. आधीच्या रेझरचे एक डोके मला शंभराच्या पुढे पडत असे. पण हा फायदा सांगून कुणी उस्तरा घेऊ नये. पहिल्या महिन्यात माझे तुरटी आणि कापूस यांवर जे गेले ते वेगळेच.

शिकलो ते थोडक्यात सांगतो. आधी गरम पाण्याने तोंड धुवून दोन-तीन मिनिटे ओला पंचा गालावर धरायचा. केस पाणी पितो आणि मऊ होतो. मग ब्रशने दाट फेस. केस कोणत्या दिशेला वाढतात ते बोटांनी चाचपून पाहायचे. माझ्या गालावर ते खाली वाढतात आणि गळ्यावर चक्क आडवे. पंचेचाळीस वर्षांत हे मला माहीत नव्हते. मोकळ्या हाताने कातडी ताणून धरायची. पाते कातडीशी साधारण तीस अंशांत ठेवायचे. उभे धरले तर खरवडते, अगदी निजवले तर केस ओढले जातात. हात सुलट फिरवायचा. उलटी दाढी नवशिक्याने महिनाभर विसरून जायची. जोर अजिबात लावायचा नाही, वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते. आणि धारेच्या रेषेत पाते आडवे सरकू द्यायचे नाही, कारण कापते ते तेव्हाच.

पहिला आठवडा मी फक्त दोन गाल उस्तऱ्याने केले, बाकी जुन्या रेझरने. दुसऱ्या आठवड्यात गळा. हनुवटी आणि ओठाच्या वरची जागा शेवटी. हनुवटीच्या वळणावर सपाट पाते बसत नाही, तिथे अर्ध्या-अर्ध्या इंचाचे छोटे हात मारावे लागतात. नेमका तिथेच मी घाई केली आणि त्या दिवशी ऑफिसात हनुवटीला कापूस चिकटवून गेलो. एक सहकारी म्हणाले, "काय साहेब, वहिनींशी भांडण का?" धाकट्या मुलाने तर भिंतीवर तक्ताच लावला. रोज किती जागी कापले, त्याचा आकडा. पहिल्या दिवशी सात होता. चौथ्या आठवड्यात पहिल्यांदा शून्य आला.

या काळात दादा काही बोलत नव्हते, पण खाटेवरून आरशाकडे बघत असत. एका सकाळी त्यांचा आवाज आला, "डावा हात वर धर. कान वढ मागं." कान मागे ओढल्यावर कल्ल्याखालची कातडी अशी ताणली गेली की पाते सरळ उतरले. त्या दिवसापासून मला दोन गुरू झाले.

पाचव्या आठवड्यात मी दादांना विचारले, "आजोबांचा वस्तरा घेऊ का? तुमच्यासाठी?" त्यांनी उशीखालून डबी काढून दिली. वस्तऱ्यावर गंजाचे दोन ठिपके पडले होते आणि धार गेली होती. जुन्या वस्तऱ्याचे पाते बदलता येत नाही, त्याचीच निगा ठेवावी लागते. दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर तीस-चाळीस वेळा ओढायचा. पाठ पुढे, धार मागे. टोकाला आल्यावर पाठीवरून उलटायचा, धारेवरून उलटला की पट्टा कापला जातो. दाढी झाल्यावर कोरडा पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे. आणि वर्षातून एक-दोनदा दगडावर धार लावायची. हे शेवटचे काम शिकाऊ माणसाचे नाही. म्हणून वस्तरा मामांकडे नेला.

मामांनी तो उजेडात धरला. "असला माल आता बघायला मिळत न्हाई. कुणाचा?" मग मी सगळे सांगितले. पलटण, पार, दोन आणे, कंदील. सलूनमध्ये गिऱ्हाईक नव्हते. मामा बराच वेळ दगडावर पाणी टाकत राहिले. मग म्हणाले, "आमचं गावबी तसलंच, भाऊ. माझा आजाबी असंच बोलला असंल कुणाला तरी. गावाची भीती व्हती, बलुतं बंद झालं असतं. पण पोराला त्याचं काय?"

मी या उत्तरावर पुष्कळ विचार केला. गावगाड्याच्या बारा बलुत्यांत न्हावीही होता आणि महारही होता. दोघेही गावाचे राबते हात. पण एकाला दुसऱ्याच्या डोक्याला हात लावायची बंदी, आणि ती बंदी मोडली तर त्याच्याही पोटावर पाय. आपल्यापेक्षा खाली कुणीतरी आहे, एवढ्या समाधानावर प्रत्येकाला वरच्याचे ओझे वाहायला लावणारी ही व्यवस्था. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. भीती हे कारण आहे, सबब नाही. मामांना ते माझ्याआधी कळले होते. देशाच्या काही भागांतून आजही दलितांचे केस कापायला नकार दिल्याच्या बातम्या येतात, तेव्हा हा विषय जुना झाला असे समजू नये.

वस्तऱ्याला धार लावायला मामांना पाऊण तास लागला. पैसे घेईनात. मी आग्रहाने दिले. कष्टाचा मोबदला द्यावा आणि घ्यावा, उपकाराचे नाते नको, हे आपल्या चळवळीनेच शिकवले आहे. मामांनी ते ओळखले आणि गल्ल्यात टाकले.

भाद्रपदातला एक रविवार. दादांची सकाळची गोळी घेतल्यावर साधारण तासाभराने थरथर सर्वांत कमी असते, हे आम्ही आधी आठ दिवस घड्याळ लावून पाहून ठेवले होते. त्या वेळी त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवले. डोक्यामागे उशी, खांद्यावर पंचा. पत्नी गरम पाणी घेऊन उभी, मुलगा तक्ता घेऊन उभा. दादांनी हनुवटी वर केली आणि डोळे मिटले.

माझा हात थरथरत होता. दादांचा त्या वेळी स्थिर होता. मी वस्तरा बाजूला ठेवला, दहा श्वास मोजले आणि मग पुन्हा घेतला. पुढची पंचवीस मिनिटे मला दुसरे काही आठवत नाही. मोर्चे, निवेदने, ऑफिसातली थकीत बिले, काही नाही. फक्त पात्याची धार आणि तिच्या पुढचे एक बोटभर कातडे. हनुवटी मध्येच कापायला लागली की पाते उचलायचे आणि थांबायचे. भिक्खूंच्या आठ परिष्कारांत चीवर, पात्र, सुई यांच्या जोडीला वस्तरा का सांगितला आहे ते सांगण्याइतका मी जाणकार नाही. पण स्मृती जागी नसेल तर ही वस्तू हातात धरता येत नाही, एवढे मला त्या दिवशी समजले.

कानाच्या पाळीखाली एक बारीक ओरखडा गेला. तुरटी लावली. मुलाने तक्त्यावर "१" लिहिला. दादांनी डाव्या हाताने दोन्ही गाल, मग गळा चाचपला. बराच वेळ हात फिरवत राहिले. म्हणाले, "आबांचा हात हलका व्हता तुझ्यापरीस." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "दगडावर चांगला वढलाय. कुणी केलं?"

मी मामांचे नाव सांगितले. दादांनी काही उत्तर दिले नाही. संध्याकाळी पाच वाजता पांढरा सदरा घालून ते दारात उभे होते आणि मला घाई करत होते. वाटेत सलूनवरून जाताना त्यांनी मान वळवून आत पाहिले, पण थांबले नाहीत. विहारात भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसले.

आता आठवड्यातून तीनदा मी त्यांची दाढी करतो. वस्तरा सहा महिन्यांनी पुन्हा बोथट झाला तेव्हा दादांनीच तो पंच्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "त्याला दे. आन् सांग, टोकाकडं जरा कमी पडलीया धार." मी निरोप जसाच्या तसा पोचवला. मामांनी टोक अंगठ्यावर हलकेच पाहिले आणि म्हणाले, "बरोबर हाय म्हाताऱ्याचं."

दादा त्या खुर्चीत बसलेले नाहीत, कदाचित बसणारही नाहीत. मी आता आग्रह करत नाही. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी डबी असेल. भाषणात तिचा उल्लेख करण्याआधी ती एकदा उघडून पाहावी, आणि घरातला म्हातारा माणूस भिंतीकडे तोंड करून का झोपला आहे, हेही वेळेवर विचारावे. मला दहा दिवस उशीर झाला होता.